इजाबेल कुणाची

जसिंता डाबरेने कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पंजा दाबून बसली. कागद उडण्याची काही भीती नव्हती, कारण त्या केबिनला खिडकीच नाही.

मस्कतच्या कुरुम भागात एका टायपिंग सेंटरच्या मागे हे केबिन आहे. बाहेर लोक व्हिसाचे अर्ज भरतात आणि आत बाबामियाँ मुकादम लोकांच्या थापा तपासतो. मूळचा दापोलीचा, वय त्रेसष्ट. तीस वर्षं मस्कतच्या एका विमा कंपनीत आगी कशा लागल्या ते शोधण्यात घालवली. कुठे आग लागली की याला आधी मालकाचा चेहरा बघायचा असायचा, राख नंतर. आता निवृत्त झालाय, तरी खोड गेलेली नाही.

दाराशी जितेश राणे चहा घेऊन उभा होता. कुडाळचा, सेंटरचा ड्रायव्हर. चहा आणतो आणि बसून राहतो. आपण तपासात मदत करतो असं त्याला वाटतं. बाबामियाँने हा गैरसमज कधी दूर केला नाही, कारण गाडी जितेशकडे असते.

"मुकादमसाहेब," जसिंता म्हणाली, "मला एकच सांगा. पास्कोल लोपीस माझा आजा होता की नव्हता?"

"आधी हात काढा बाय, म्हणजे वाचता येईल."

सहासष्ट वर्षांची बाई. चाळीस वर्षं मस्कतमध्ये नर्स म्हणून काढली, शेवटची आठ एका घरी म्हाताऱ्या बाईचं दुखणं काढत. ती म्हातारी गेली आणि हिची नोकरीही गेली. महिनाअखेर व्हिसा संपत होता. परत जायला वसईला आजाने बांधलेलं घर होतं, भोवती चार एकरांची वाडी होती. होती म्हणजे फेब्रुवारीपर्यंत होती.

कागद म्हणजे मृत्युपत्राची झेरॉक्स होती. इंग्रजीत, टाइप केलेली. बाबामियाँने जितेशसाठी मराठी करत वाचलं.

"'वसई, शुक्रवार, १८ मे १९५६. मी पास्कोल लोपीस, सुतार, बावीस वर्षं मस्कतला इंग्रजांच्या बोटींवर नोकरी, सध्या रजेवर गावी. मस्कतहून सुखरूप आल्याबद्दल मी बकरा कापला. आज चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ते मटण जेवायला जमलेल्या शेजाऱ्यांसमोर लिहून ठेवतो की, माझी वाडी आणि घर माझा मुलगा ॲलॉयसियस याला मिळावं. माझ्या घरात वाढलेली इजाबेल अनाथ आहे, माझ्या रक्ताची नाही. तिला आणि तिच्या वंशाला काही नाही.' खाली अंगठा. दोन साक्षीदार."

"दोघंही कधीच मातीत गेले," जसिंता म्हणाली. "इजाबेल माझी आई."

"कागद मिळाला कुठे?"

"आलूमामाच्या ट्रंकेत. ॲलॉयसियस म्हणजे माझा मामा. एक्याऐंशी वर्षांचा आहे, अर्धं अंग गेलंय. इथे रुवीला मुलाकडे असतो. स्टॅन्ली त्याचा मुलगा. सातबाऱ्यावर अजून आजाचंच नाव आहे. बिल्डर मागे लागलाय. हा कागद नसता तर निम्मी जमीन मामाची, निम्मी माझी." तिने फोन पुढे केला. "हे बघा काय पाठवलंय."

स्टॅन्लीने वसईच्या घराच्या दाराचा फोटो पाठवला होता. दाराला नवीन कुलूप होतं. फोटोखाली हात जोडल्याची खूण.

"अगं आई गं," जितेश म्हणाला.

"तुमच्या निम्म्याचं तुम्ही काय करणार होता?" बाबामियाँने विचारलं.

"सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमाला द्यायचं ठरवलंय. त्यातली एक खोली माझी. नाताळातच सगळ्यांसमोर सांगून टाकलं."

"मूलबाळ?"

"एक मुलगी आहे, नॅटली. फिजिओथेरपिस्ट. तिला काय कमी आहे? अल खौदला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे."

"मग तुम्ही अल अमेरातला भाड्याच्या खोलीत का?"

जसिंताने पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. "जागा नाही म्हणते."

मघापासून जितेशने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं होतं. तो आनंदाने ओरडला, "चाचा! अठरा मे छप्पनला शुक्रवारच होता. मी कॅलेंडर बघितलं. म्हणजे कागद खरा!" मग समोर कोण बसलंय ते लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

"तारीख बरोबर आहे," बाबामियाँ एवढंच म्हणाला.

जसिंता उठली. "वाडी गेली तर जाऊ दे साहेब. कुठेतरी पडेन मी. पण सहासष्टाव्या वर्षी कुणी सांगतं की तुझी आई कुठली कोण, उचलून आणलेली. आजाच्या फोटोपुढे मी रोज मेणबत्ती लावते. आता लावू की नको?"

बाबामियाँने झेरॉक्स आपल्या खणात ठेवली. त्याने काम घेतलं.

शुक्रवारी दुपारी बाबामियाँ आणि जितेश रुवीला स्टॅन्ली लोपीसच्या घरी पोचले. पंचावन्न वर्षांचा गुबगुबीत माणूस. एका हॉटेलात खरेदी बघतो. चर्चहून आल्याचे कपडे अजून अंगावर होते. बिल्डरच्या वतीने कागदाची खातरजमा करायला आलोय, असं बाबामियाँने ठोकून दिलं. स्टॅन्ली खूश झाला.

"यल्ला, या, जेवूनच जा. मटण आहे. फक्त आधी याला भरवतो."

हा म्हणजे बाप. ॲलॉयसियस चाकाच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. स्टॅन्लीने मटणभाताचा चमचा त्याच्या तोंडाशी नेला. म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटले.

"आज शुक्रवार," तो म्हणाला. शब्द जड येत होते. "बाबा असते तर थोबाड फोडलं असतं."

"हे बघा," स्टॅन्ली हसला. "नवीन खूळ. जन्मभर शुक्रवारी मटण चापलं. फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी हे नाटक. खा म्हणतो ना!" चमचा ओठांवर आपटला. रस्सा म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून शर्टावर ओघळला. "नको? मग राहा उपाशी." त्याने ताट उचलून आत नेलं. रस्सा पुसायला कुणी आलं नाही, म्हणून जितेशने आपला रुमाल काढला.

"लहानपणी हा रजेवर गावी आला की मला पट्ट्याने मारायचा," स्टॅन्ली परत येत म्हणाला. "रविवारची मिस्सा चुकली की पट्टा. बाविसाव्या वर्षापर्यंत वसईत खाल्लाय मार. आता माझी पाळी."

"यांना कागद दाखवलात?"

"वाचून दाखवला. डोळे गेलेत. डॅडी, साहेबांना सांगा, कागद तुमच्या बाबांचाच ना?"

म्हातारा मुलाकडे बघत राहिला. "असेल."

"असेल नाही, आहे. जास्त बडबड केली तर वसईला पाठवीन म्हटलंय. तिथे कोण धुणार याला?"

"इजाबेलबद्दल तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"छे! कागदातच कळलं. असेल कुठलीतरी. वसईच्या चर्चच्या पायरीवर टाकून गेलं असेल कुणी. आपल्याला काय?"

ट्रंक पलंगाखाली होती. शेजारी एक जुना टाइपरायटर. ट्रंकेवर धुळीचा थर होता. टाइपरायटर मात्र लख्ख पुसलेला होता.

"हा डॅडींचा. शहात्तर साली इथे आले, शिपिंगच्या कचेरीत टायपिस्ट लागले. पहिल्या पगारात मत्राच्या बाजारातून कोरा घेतला."

"माझ्या नातवाने असलं यंत्र बघितलं नाही," बाबामियाँ म्हणाला. त्याने दोन ओळी बडवल्या आणि कागद घडी करून खिशात टाकला. "घरी आणखी कोण येतं?"

"नॅटली. जसिंताबायची मुलगी, पण सोन्यासारखी पोरगी. दर शुक्रवारी येते, डॅडींचे पाय चोळते, दोन-दोन तास त्यांच्याशी गप्पा मारते. पैसे घेत नाही. मी तेवढ्यात झोप काढतो. जसिंताबाय यायची पूर्वी, आता तिला दार बंद."

खाली गाडीत बसताच जितेशने निकाल देऊन टाकला. "चाचा, म्हाताऱ्यानेच केलंय. टायपिस्ट तोच, ट्रंक त्याची, जमीन त्याला. आणि आता पोराला घाबरून गप्प."

"त्याचा उजवा हात बघितलास?"

"डाव्याने टाइप करता येतं."

"येतं. गाडी चालव."

शनिवारी अल खौदला नॅटलीची भेट झाली. पस्तिशीची, नीटनेटकी. दोन पेशंटच्या मधली वीस मिनिटं तिने दिली.

"मराठीत विचारा, पण मी थोडं स्लो बोलते. घरी मम्मी मराठी, बाकी सगळं इंग्लिश. मी मस्कतमध्येच जन्मले ना."

"मृत्युपत्र वाचलंत?"

"नो. पाहिलं पण नाही. स्टॅन्ली अंकलने फक्त सांगितलं, मम्मीला काही नाही."

"वाईट वाटलं?"

"ऑनेस्टली? नाही." तिने मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. "मम्मी ती लँड नन्सना देणार होती. सगळी. ख्रिसमसला सगळ्यांसमोर अनाउन्स केलं आणि टाळ्या घेतल्या. मला एकदा तरी विचारायचं. मी दहा वर्षांची असताना ही नाइट ड्युटी करून दुसऱ्यांच्या आयांना सांभाळायची, मी कुलूप लावून एकटी. आता म्हणते नॅटलीला काय कमी आहे."

"कोर्टात जायचं म्हणतात त्या."

"कशाला? मत्राच्या धक्क्यावर सापडलेल्या एका बेबीसाठी, नव्वद वर्षांनी? खलास, मूव्ह ऑन."

"वसई आवडते?"

"तीन वेळा गेले. मॉस्किटो, आणि सगळे विचारतात लग्न का नाही." ती पहिल्यांदा हसली. "माझं घर हेच. लहानपणी फ्रायडे म्हणजे चर्चमध्ये मास, मग घरी मटण, सगळे अंकल-आन्टी यायचे, संध्याकाळी कुरुमचा बीच. संडेला तर आम्हाला स्कूल असायचं. इंडियातल्या कझिन्सना हे सांगितलं की त्यांना खोटं वाटायचं."

बाहेर आल्यावर जितेश म्हणाला, "ही खरी वाटते. आईवर राग आहे, पण तोंडावर बोलते. लपवत नाही."

बाबामियाँने गाडी अमेरातला, जसिंताच्या खोलीवर घ्यायला सांगितली. 

जसिंता सामान भरत होती. एका खोलीतला संसार, तोही तीस किलोत बसवायचा होता. तिने वजनाच्या काट्यावर बॅग ठेवली, एक पातेलं काढलं, परत ठेवली.

"आजा आठवतो?" बाबामियाँने विचारलं.

"चार वर्षांची होते तो गेला तेव्हा. त्याच्या बोटांना लाकडाच्या भुशाचा वास यायचा. मांडीवर घेऊन तो खिळे मोजायला शिकवायचा."

"आई कुठे जन्मली?"

"वसईतच. बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, इजाबेल, पास्कोल लोपीसची मुलगी. त्या वहीवर माझा भरवसा आहे."

"तुमच्या लहानपणी शुक्रवारी काय असायचं?"

"शुक्रवारी? शाळा. रविवारी मिस्सा, रविवारी मटण. शुक्रवारी सुकं बोंबील नाहीतर वाल. आजी शुक्रवारी मटणाचं नाव काढू द्यायची नाही, पाप लागतं म्हणायची. मी सात-आठ वर्षांची असताना चर्चने सूट दिली, पण तिने मरेपर्यंत पाळला. इथे आल्यावर सगळं उलटं झालं. सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्साही शुक्रवारी. मीच नॅटलीला शुक्रवारी मटण करून घालायचे. रात्रपाळीवरून येऊन." ती थांबली. "का हो?"

"काही नाही." बाबामियाँने टोपी हातात घेतली. आग कुणी लावली हे कळलं की तो टोपी काढतो, हे जितेशला ठाऊक होतं. "बाय, मृत्युपत्र बनावट आहे. ते मी कुठेही सिद्ध करीन. तुमचा निम्मा हिस्सा तुम्हाला मिळेल. कुणी केलं, ते विचारू नका. इथेच थांबू."

"थांबू?" जसिंताचा आवाज चढला. "ज्याने माझ्या आईला मेल्यावर अनाथ केलं, त्याचं तोंड मला बघायचंय. सगळ्यांसमोर बघायचंय. तुम्हाला जमत नसेल तर सांगा."

"जमतं," तो म्हणाला. "तेच वाईट आहे."

मंगळवारी चार वाजता स्टॅन्लीच्या घरी सगळे जमले. बिल्डरच्या वकिलाला सगळ्यांचं म्हणणं एकत्र हवंय, या थापेवर स्टॅन्लीने जसिंतालाही दार उघडलं. बस मात्र म्हटलं नाही. ती मामाच्या खुर्चीमागे उभी राहिली. नॅटली सोफ्यावर होती.

बाबामियाँने दोन कागद शेजारी शेजारी मांडले. "हे मृत्युपत्र. आणि या शुक्रवारी मी या पलंगाखालच्या टाइपरायटरवर मारलेल्या ओळी. दोन्हीकडे लहान ए बघा. खालचा पाय तुटलेला. ई वर सरकलेला. हे यंत्र शहात्तर साली कोरं घेतलं. पास्कोल लोपीस त्रेसष्ट साली वारले. मेलेल्या माणसाने तेरा वर्षं थांबून टाइपरायटर घेतला नसणार."

स्टॅन्लीने दोन्ही कागद पुढे ओढले. "मला ट्रंकेत मिळाला. मला काय माहीत?"

"तेच बघू. कागद या घरात झाला. टाइपरायटरपाशी येऊ शकणारी माणसं तीन." बाबामियाँ म्हाताऱ्याकडे वळला. "जितेशला वाटतं, तुम्ही. पण जन्मभर शुक्रवारी मटण खाणारा माणूस फेब्रुवारीत अचानक का थांबतो? कारण फेब्रुवारीत त्याला मृत्युपत्र वाचून दाखवलं. त्यात त्याच्या बापाने शुक्रवारी बकरा कापून गावाला जेवू घातलाय. छप्पन साली वसईतला भाविक ख्रिस्ती शुक्रवारी मटण शिजवील? पाप होतं ते. याच्या बापाने थोबाड फोडलं असतं. उघड बोलायची सोय नव्हती, पोरगा वसईला धाडीन म्हणत होता. मग हा माणूस दर शुक्रवारी तोंड मिटून एकच गोष्ट सांगत राहिला. कुणी ऐकली नाही. त्याला वेडं ठरवलं."

ॲलॉयसियसने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मग मी?" स्टॅन्ली उठला. "मी केलं म्हणायचंय?"

"तुम्हाला जमलंच नसतं. तुम्ही वसईत वाढलात. रविवारची मिस्सा चुकली की तुम्ही पट्टा खाल्लाय. वसईतला गाव जमवायचा म्हटलं की तुमच्या हातून आपोआप रविवार लिहिला गेला असता. ज्याने हा कागद केला, त्याने कॅलेंडर काढून छप्पन सालचा शुक्रवार शोधला. मेहनत घेतली, पण चुकीच्या जागी. कारण त्या माणसाच्या डोक्यात मिस्सा, मटण आणि घरभर माणसं म्हणजे शुक्रवार. रविवार म्हणजे शाळा. असं जगात कुठे असतं? इथे. इथे जन्मलेल्या मुलांना."

 जितेशने नॅटलीकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"दॅट इज नॉट प्रूफ," नॅटली शांतपणे म्हणाली.

"नाही. म्हणून दुसरं सांगतो. कागदात इजाबेल अनाथ आहे एवढंच आहे. कुठे सापडली ते नाही. स्टॅन्ली वसईच्या चर्चची पायरी म्हणाले. तुम्ही कागद न वाचता मला म्हणालात, मत्राच्या धक्क्यावर सापडलेली बेबी. हे तुम्हाला कुणी सांगितलं? या घरात एकच माणूस इतका जुना आहे, आणि दर शुक्रवारी दोन तास त्याचे पाय तुमच्या हातात असतात. घरातला तिसरा माणूस तेव्हा झोपलेला असतो."

"स्टॅन्ली," जसिंता म्हणाली. ती मुलीकडे बघत नव्हती. "तू सांग. कुणी आणून दिला कागद?"

स्टॅन्लीने लगेच हात वर केले. "नॅटलीने. शपथ! म्हणाली ट्रंकेत होता. निम्मे-निम्मे ठरलं होतं. मी काही विचारलं नाही. माझं नाव कुठे घालू नका हां साहेब, माझी नोकरी आहे."

"केसाने गळा कापला गं," जसिंता पुटपुटली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. बाबामियाँ याच क्षणाला भीत होता. "पण मग हेही हिनेच रचलं ना? आईचं? खोट्या कागदातलं सगळंच खोटं. हो ना साहेब?"



"नो, मम्मी," नॅटली म्हणाली. "तेवढी एकच गोष्ट खरी आहे त्यात. विचार ग्रँपाला."

जसिंता खुर्चीसमोर येऊन गुडघ्यांवर बसली. "आलूमामा?"

म्हाताऱ्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "खरं आहे, बाय. मत्राला, धक्क्यावर फळ्या रचल्या होत्या. त्यांच्या मागे. सहा महिन्यांची. कुणाची, कुठली, कळलं नाही. बाबांनी बोटीतून वसईला आणली, आपल्या नावाने बाप्तिस्मा दिला. मरताना मला सांगितलं, इजाबेलला कळू देऊ नकोस, ती माझी आहे. साठ वर्षं गप्प होतो. हिने पाय चोळले, गोड बोलली, मी बोलून गेलो. मला माफ कर."

"मग हिचा हक्कच नाही!" स्टॅन्ली ओरडला. नोकरीची काळजी क्षणात पळाली. "रक्ताचीच नाही तर कसला निम्मा हिस्सा?"

"वहीत नाव आहे," बाबामियाँ म्हणाला. "ते खोटं ठरवायला जगात एकाच माणसाची साक्ष उरलीय. ॲलॉयसियसभाई, कोर्टात द्याल?"

"नाही," म्हातारा म्हणाला.

"डॅडी! विचार करून बोला. वसईला पाठवीन."

"पाठव. बायच्या घरी राहीन."

स्टॅन्लीने हात उगारला. जितेशने तो मधेच पकडला आणि बराच वेळ सोडला नाही. मग बाबामियाँने स्टॅन्लीकडून वसईच्या कुलपाची किल्ली मागून घेतली आणि जसिंताच्या हातात दिली. तिने ती पाहिलीसुद्धा नाही. ती उठून मुलीसमोर उभी राहिली.

"टाइप करताना काय वाटलं तुला? 'माझ्या रक्ताची नाही', हे लिहिताना?"

"तू मला कधी विचारलंस, मला काय वाटतं?" नॅटलीचा आवाज आता कापत होता. "एकदा तरी? दुसऱ्यांच्या आयांचं सगळं करत होतीस."

"तुझ्या शाळेच्या फीसाठी करत होते."

"मग नन्सना का?"

जसिंताने हातातली किल्ली पर्समध्ये टाकली. मग बाबामियाँकडे वळून शांतपणे म्हणाली, "माझी आई कुणाची होती, ते आता कुणालाच कळायचं नाही साहेब. ही कुणाची, ते मात्र वहीत लिहिलंय. आई म्हणून माझं नाव आहे. ते कुठे जाऊन खोडतात?"

तीन आठवड्यांनी जितेशने तिला विमानतळावर सोडलं. बॅग तीस किलोत बसली होती. म्हाताऱ्यालाही तिच्याकडे वसईला धाडायचं होतं, त्याचे कागद पुढच्या महिन्यात होणार होते. बाबामियाँने फी घेतली नाही, आणि जितेशला सांगितलं की हे कुणाला बोलू नकोस. जितेश निदान दहाजणांना बोलला.

आत जायच्या दाराशी जसिंताचा फोन वाजला. तिने नंबर बघितला. वाजू दिला. परत वाजला. तेव्हा तिने तो जितेशच्या हातात दिला.

"घे तू. सांग, इथे तिचं कुणी नाही."

जितेशने फोन कानाला लावला. पलीकडे कुणीतरी रडत होतं, मम्मी मम्मी म्हणत होतं. त्याने जसिंताकडे बघितलं. ती वाट बघत उभी होती, तो सांगतो की नाही ते.

त्याने सांगितलं.